गाडी किती देते आणि किती थांबते

जुनी पिकअप बघायला गेलेला माणूस बॉनेट उघडायच्या आधी विचारतो, "किती देते?" विकणारा सांगतो, "चौदाच्या खाली कधी आली नाही." तो खोटं बोलत असेलच असं नाही. हे अ‍ॅव्हरेज कुठल्या दिवशीचं, हौद्यात किती माल असतानाचं आणि कुठल्या रस्त्यावरचं, एवढंच तो सांगत नाही. रिकामी गाडी सपाट हमरस्त्यावर साठच्या वेगाने धरली तर चौदा देईल. तीच दीड टन भरून माळशेज चढवली तर नऊ-दहावर येईल. आकडे दोन्ही खरे, गाडी एकच. म्हणून हा प्रश्न जरा मागे ठेवावा आणि आधी आपला माल मोजावा.

एक उदाहरण घेऊ. जुन्नर तालुक्यातला टोमॅटोवाला शेतकरी आहे. नारायणगावचा बाजार जवळ असला तरी भाव बघून कधीकधी माल पुण्याच्या मार्केट यार्डात न्यावा लागतो. जाऊन-येऊन 160 किलोमीटर धरू. क्रेटमध्ये वीस किलो टोमॅटो आणि क्रेटचं स्वतःचं वजन, मिळून 22 किलो. त्याच्यापुढे दोन गाड्या आहेत. एक छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, पाऊण टनाचा. दुसरी दीड टनाची बोलेरो पिकअप. छोटा हत्ती भरून-रिकामा मिळून सतरा देतो असं समजू, पिकअप बारा. आकडे हिशेबापुरते आहेत, पण वास्तवापासून फार लांब नाहीत.

कायद्यात राहून छोट्या हत्तीत बत्तीस क्रेट बसतात, पिकअपमध्ये चौसष्ट. तोड्याच्या दिवसांत चौसष्ट क्रेट निघाले तर छोट्या हत्तीला दोन खेपा, 320 किलोमीटर, जवळजवळ 19 लिटर डिझेल. पिकअपला एकच खेप, 13 लिटरपेक्षा थोडं जास्त. सतरा देणारी गाडी इथे बारा देणाऱ्या गाडीपेक्षा महाग पडली. शिवाय ड्रायव्हरचा दिवस दुप्पट गेला. पण माल बत्तीस क्रेटच असेल तर गणित उलटतं. छोटा हत्ती साडेनऊ लिटरमध्ये जाऊन येतो, पिकअप निम्मी रिकामी असूनही बारा लिटरच्या वर पिते. तेव्हा वर्षातले किती दिवस बत्तीस क्रेटचे आणि किती चौसष्टचे, हे वहीत मांडल्याशिवाय कुठली गाडी परवडेल ते ठरत नाही. आणि पन्नास क्रेट छोट्या हत्तीत कोंबून एकाच खेपेत नेणं हा तिसरा मार्ग नाही. जुन्या गाड्यांचे निम्मे आजार त्याच मार्गाने येतात; त्याकडे पुढे येतो.

लिटरला किती किलोमीटर, या मापातच एक चकवा आहे. दहा देणारी गाडी काढून बारा देणारी घेतली आणि सोळा देणारी काढून अठरा देणारी घेतली, तर दोन्हीकडे फायदा सारखाच वाटतो. हजार किलोमीटरला करून बघा. दहाला 100 लिटर लागतं, बाराला 83. वाचलं 17 लिटर. सोळाला साडेबासष्ट, अठराला साडेपंचावन्न; वाचलं सात लिटर. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी 2008 साली 'सायन्स' नियतकालिकात हाच चकवा दाखवून दिला होता. तिकडे तो गॅलनला किती मैल या मापात होतो, एवढाच फरक. मथितार्थ असा, की जड गाड्यांमध्ये एका किलोमीटरचा फरकही मोठा असतो आणि हलक्या गाड्यांमध्ये दोनाचा फरकही किरकोळ. शंभर किलोमीटरला किती लिटर, असं मोजलं की हा गोंधळच उरत नाही.

विकणाऱ्याचा आकडा पडताळायचा तर टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल हाच मार्ग. पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत भरायचं, मीटर लिहून घ्यायचं, गाडी चालवायची, मग त्याच पंपावर त्याच नोझलने पुन्हा ते पहिल्यांदा बंद होईपर्यंत भरायचं. यात अर्धा लिटर इकडेतिकडे होतोच. पन्नास-साठ किलोमीटरच्या फेरीत एकूण डिझेलच पाच लिटर लागतं, म्हणजे चूक दहा टक्क्यांची. बाराचे तेरा सहज दिसतात. दोनशे किलोमीटरच्या वर गेलात की तीच चूक नगण्य होते. मालक तयार असेल तर त्याच्या एका नेहमीच्या खेपेला सोबत जावं. त्यात अ‍ॅव्हरेज तर कळतंच, गाडीचं आणि मालकाचं नातंही कळतं. तो चढाला कुठल्या गिअरला येतो, उतारावर गिअरमध्ये ठेवतो की न्यूट्रलला सोडतो, हे बघत बसावं. मीटरवरही आंधळा विश्वास नको. मोठ्या मापाचे टायर चढवले असतील तर मीटर कमी दाखवतं. मोबाइलच्या नकाशावरचं अंतर बाजूला ठेवून ताडून घ्यावं.

अ‍ॅव्हरेज कमी निघालं म्हणून गाडी लगेच नापास करू नये. कमी का निघालं, हे महत्त्वाचं. टायरमध्ये हवा कमी असेल, एअर फिल्टर धुळीने बुजलेला असेल, एखादं ब्रेक शू चिकटून राहत असेल, तर हे सगळं एका दिवसात आणि थोडक्या खर्चात सुटतं. फेरी मारून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघावा, लावू नये. एकच चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर ब्रेक धरतोय. अशी गाडी घासाघीस करून घ्यायला उत्तम. पण हे सगळं ठीक असून अ‍ॅव्हरेज पडलेलं असेल, तर दोष इंजिनाच्या पोटात आहे, आणि तो सुटेपर्यंत खिसा रिकामा होतो.

आता दुसरी बाजू, गाडी थांबण्याची. बारा आणि चौदा या दोन गाड्यांत महिन्याला 1,500 किलोमीटरवर अठरा लिटरचा फरक पडतो. डिझेल नव्वद रुपये धरलं तर सोळाशे रुपये. आता ऐन तोड्यात गाडी पहाटे राजगुरुनगरजवळ बंद पडली असं समजा. दुसरी गाडी भाड्याने बोलवायची, चौसष्ट क्रेट एकातून दुसऱ्यात भरायचे, लिलाव चुकायचा, दुपारी मिळेल त्या भावाला माल द्यायचा, आणि वर टोचण आणि फिटर. महिन्याची सगळी बचत त्या एका सकाळीच जाते, वर पदरमोड होते. म्हणून मला विचाराल तर भाड्याच्या आणि शेतीच्या गाडीत मी एक-दीड किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज सोडून देईन आणि न थांबणारी गाडी घेईन. घरच्या कारचा हिशेब वेगळा.

न थांबणारी गाडी ओळखायची कशी? मॉडेलच्या नावावरून थोडंफार कळतं, वर्षावरून त्याहून कमी. सगळ्यात जास्त कळतं ते एका प्रश्नाने: "दादा, गाडी कशावर होती?" दुधावर होती, भाजीवर होती, कोंबड्यांवर, पेपरवर, वीटभट्टीवर, मासळीवर. आपल्याकडे गाडीच्या कामाबद्दल लोक असंच बोलतात, आणि या एका शब्दात गाडीची कुंडली असते. दुधावरची गाडी रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वजनाने, ठरलेल्या रस्त्याने धावते. किलोमीटर भरपूर, पण इंजिन गरम राहतं, वेग बेताचा. अशी सव्वा लाख किलोमीटर झालेली गाडी वीटभट्टीवरच्या साठ हजारवालीपेक्षा मी केव्हाही आधी घेईन. वीट, मुरूम आणि वाळू यांत वजनाला मर्यादा नसते. चेसिस आणि मागचा धुरा त्यातच खचतात. पेपरवरची गाडी रात्री मोकळ्या रस्त्यावर वेळ गाठायला पळवलेली असते. तिचे ब्रेक, टायर आणि पुढचं सस्पेन्शन नीट बघावं. मासळीवरच्या गाडीत वितळलेल्या बर्फाचं खारट पाणी हौद्यातून खाली झिरपत राहतं. वरून रंग चकचकीत असतो आणि चेसिसला हातोडीने टिचकी मारली तर गंजाचे पापुद्रे पडतात. एमएच 07 किंवा 08 पासिंगची, म्हणजे सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडची गाडी असेल तर आधी खाली शिरावं, मग केबिन बघावी. खारी हवाही तेच काम करते, फक्त सावकाश.

कोणाची गाडी कशावर होती हे मालकाने सांगितलं नाही तरी गाडी सांगते. मागचे कमानपाटे मोजावेत. कंपनीने दिलेल्या पाट्यांवर एक-दोन जादा चढवलेले असतील, तर ओव्हरलोड हा तिचा रोजचा धर्म होता असं समजावं. पाटे उलटे वाकलेत का, शॅकलची बुशं खाल्लीत का, चेसिसवर वेल्डिंगचा पट्टा आहे का, त्यावर ताजा काळा रंग फासलाय का, हे बघायला गाडीखाली पोतं टाकून आडवं व्हावं लागतं. कपड्यांची काळजी असलेल्या माणसाने जुनी पिकअप घेऊ नये. हौद्याच्या तळाचा पत्रा, फाळक्याच्या बिजागऱ्या आणि हौदा-केबिनमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, यावरूनही अपघात आणि अतिभार दोन्ही कळतात.

मीटर मागे फिरवणं अवघड नाही, त्यामुळे त्यावरचा आकडा हा फक्त एक दावा. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगची पकड झिजून चमकणारी, ड्रायव्हरच्या बाजूची सीट दबलेली, आणि मीटरवर पंचेचाळीस हजार. हे जुळत नाही. धंद्यातली पिकअप महिन्याला दोन हजार किलोमीटर सहज करते. सहा वर्षांची गाडी साठ हजारच झालेली असेल तर ती इतकी वर्षं काय करत होती, हे विचारायला लाजू नये. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो. 2321 म्हणजे 2021 सालातला तेविसावा आठवडा. पाचही टायर वेगवेगळ्या वर्षांचे निघाले तर मीटरच्या आकड्याशी त्यांचा मेळ घालून बघावा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चेसिस नंबरवरून जुन्या सर्व्हिसच्या नोंदी सापडतात. मालकाला सोबत नेलं तर बहुतेक ठिकाणी दाखवतात.

इंजिनाची पिढी कुठली, हेही समजून घ्यावं, कारण दुरुस्ती कोण करू शकेल ते त्यावर ठरतं. 2005 साली टाटांचा छोटा हत्ती आला तो 702 सीसीच्या दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर, 16 अश्वशक्तीचा. इंडिकाच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचं ते अर्धं. साधं, कमी ताकदीचं, आणि कुठल्याही गावातल्या फिटरला उघडता येईल असं. 2011 मध्ये अशोक लेलँडची दोस्त आली, तीन सिलिंडरची, सव्वा टनाची. बोलेरो पिकअपचं 2523 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन पिण्यात हात आखडत नाही, पण चढाला रडतही नाही. पुढे नियम कडक झाले. भारत स्टेज चार देशभर 1 एप्रिल 2017 पासून आणि सहा 1 एप्रिल 2020 पासून. डिझेलमधलं गंधकही दहा लाखांत 50 भागांवरून 10 भागांवर आलं. सोबत कॉमन रेल, सेन्सर आणि धुराची काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, अशी मंडळी आली.

डीपीएफची गंमत अशी, की अडवलेली काजळी जाळायला तिला चांगली उष्णता लागते, आणि ती मिळते सलग पंधरा-वीस मिनिटं हमरस्त्यावर गाडी पळवल्यावर. बाजारपेठेतल्या बाजारपेठेत दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत काजळी साठत जाते, दिवा लागतो, ताकद पडते. अशी गाडी विकायला निघते तेव्हा दिवा स्कॅनरने तात्पुरता घालवलेला असू शकतो. म्हणून बीएस सहाची डिझेल पिकअप बघायला जाताना स्वतःचा स्कॅनरवाला घेऊन जावा. चावी फिरवल्यावर इंजिन सुरू व्हायच्या आधी डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले पाहिजेत. इंजिनाचा दिवा तेव्हाही लागला नाही, तर बल्बच काढलाय.

काही गाड्यांना डीईएफही भरावं लागतं, म्हणजे शुद्ध पाण्यातलं 32.5 टक्के युरियाचं द्रावण. ड्रायव्हर मंडळी त्याला नुसतं युरिया म्हणतात आणि तिथेच घात होतो. शेतकऱ्याच्या घरी युरियाचं पोतं असतंच, मग विकतचं कशाला? पण शेतीचा युरिया 2015 पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो, शिवाय त्यात इतर अशुद्धी. तो घोळून टाकीत ओतला की फवारा आणि पुढची यंत्रणा दोन्ही जातात. डीईएफच्या टाकीच्या तोंडाशी पांढरे खडे साचलेले दिसले तर मालकाला जरा खोलात विचारावं.

या सगळ्यावरून जुन्या पिढीची गाडीच बरी, असं मी म्हणणार नाही. मला पटलेली कसोटी वेगळी आहे. आपण ज्या बाजारात माल नेतो तिथे पहाटे उभं राहून गाड्या मोजाव्यात. ज्या मॉडेलच्या सगळ्यात जास्त गाड्या तिथे उभ्या असतील, तिचे सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात आणि तिचा फिटर हाकेच्या अंतरावर असतो. दुसरी एखादी गाडी लिटरला दोन किलोमीटर जास्त देत असली, पण तिचा एक सेन्सर पुण्याहून यायला चार दिवस लागत असतील, तर ते अ‍ॅव्हरेज अंगणात उभं राहून काय कामाचं?

पेट्रोल आणि सीएनजीचं थोडक्यात. रोजचं धावणं कमी आणि शहरातल्या शहरात असेल तर छोटी पेट्रोल गाडी बरी; मारुतीची सुपर कॅरी 2016 मध्ये डिझेलवर आली आणि आता पेट्रोल-सीएनजीवरच चालते, ते उगाच नाही. सीएनजीचा हिशेब किलोला होतो, लिटरला नाही, तेव्हा तुलना करायची ती रुपयाला किती किलोमीटर अशी. टाकीची तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झाली आहे का, त्याचं प्रमाणपत्र मागावं. घाटाचं काम असेल तर भरलेली गाडी सीएनजीवर चढवून बघितल्याशिवाय शब्द देऊ नये.

ट्रायलला जाण्याआधी मालकाला सांगून ठेवावं की गाडी सकाळी सुरू करून ठेवू नका. गरम इंजिन बरेच दोष झाकतं. थंड गाडी पहिल्या-दुसऱ्या फेऱ्यात सुरू व्हावी. सुरू होताना क्षणभर पांढुरका धूर आला तर चालेल, येतच राहिला तर पाणी सिलिंडरमध्ये शिरतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही. नोझल किंवा हवा. मग इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून बघावं. फसफस धूर आणि थेंब बाहेर उडायला लागले तर फिटर एकच शब्द म्हणतो, बॅक कॉम्प्रेशन. पिस्टनच्या रिंगा किंवा बोर झिजलाय, आणि इंजिन काम लांब नाही. रेडिएटरचं झाकण मात्र थंड असतानाच उघडावं. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर तिथूनच नमस्कार करून परत यावं.

रिकाम्या पिकअपची ट्रायल म्हणजे उपाशी बैलाला मोकळं पळवून बघणं. हौद्यात सिमेंटची वीसेक पोती टाकली की टन भरतो. गावातल्या दुकानदाराची खेप तेवढ्यापुरती आपण पोचवून द्यावी, त्यालाही बरं. भरलेली गाडी चढाला दुसऱ्या गिअरमध्ये घ्यावी. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, तर क्लच प्लेट गेली. पाय सोडल्यावर गिअर उडून न्यूट्रलला येतो का, मागून घूं असा आवाज वेगाबरोबर चढत जातो का, हे ऐकावं. तो आवाज क्राउन-पिनियनचा. तापमानाचा काटा चढ संपेपर्यंत मध्यावर राहिला पाहिजे. आणि उतारावर ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढली तर तिथेच उतरून घ्यावं.

कागदांचं काम कंटाळवाणं, पण आरसी पुस्तकातल्या दोन आकड्यांवर आपल्या मूळ प्रश्नाचं उत्तर असतं. भरलेलं एकूण वजन वजा रिकामं वजन, म्हणजे कायदेशीर माल, तोही ड्रायव्हरसकट. मालकाने हौदा बाहेरून जाड पत्र्यात बांधून घेतला असेल तर तेवढा माल कमी. एकूण वजन 3,000 किलोच्या आत असेल तर मालवाहू परमिट लागत नाही, वर गेलं तर लागतं. फिटनेस, म्हणजे आपल्या भाषेत पासिंग, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावं लागतं. सात-साडेसात वर्षांच्या गाड्या बाजारात जास्त का दिसतात त्याचं एक कारण हेही असावं. पासिंग, विमा, दंडाची चलनं आणि फायनान्सचा बोजा परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाकून बघता येतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय इसाराच्या पुढे जाऊ नये. चेसिस नंबरवर पेन्सिल घासून छाप घ्यावा आणि आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवावा.

नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात, आणि विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. विकणाऱ्याचा नो-क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही. नावावर व्हायला उशीर झाला की घेणाऱ्यापेक्षा विकणाराच जास्त अडकतो: नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात सांगितलं आहे. म्हणून ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहितात, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं अशी. मीटरचा आकडाही त्याच ओळीत लिहून दोघांनी सही करावी, आणि पावती खिशात घालून गाडी सरळ ऑइल बदलायला न्यावी.